वॉर्डात आण घालायची नाही

जगदेवीबाईंच्या वॉर्डात पेशंटकडून शपथ घ्यायला बंदी होती. ही बंदी सरकारची नव्हती, डॉक्टरांचीही नव्हती. ती बाईंची स्वतःची होती, आणि मोडणाऱ्या नातेवाइकाला त्या व्हरांड्याच्या पायरीपर्यंत हाकलून यायच्या. मी त्यांच्या हाताखाली नवीन नर्स म्हणून लागले आणि पहिल्याच आठवड्यात हा तमाशा पाहिला. पाय मोडून आलेल्या एका दारुड्याची आई त्याचा हात धरून त्याच्याच लेकराच्या डोक्यावर ठेवत होती. पुन्हा शिवणार नाही असं म्हण, म्हणून रडत होती. जगदेवीबाईंनी म्हातारीचं मनगट धरून हात बाजूला केला आणि तिला बाहेर नेऊन बसवलं. मग त्या माणसाजवळ जाऊन, जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "शेवटची कवा घेतली होती?"

मला नवल वाटलं. ही बाई स्वतः गळ्यात लिंगाची चांदीची डबी बाळगणारी, सकाळी पूजा झाल्याशिवाय पाण्यालाही न शिवणारी. देवाधर्माचं माणूस शपथेला एवढं का बिचकतं? माझ्या तोंडाला झाकण नाही असं आमची अम्मी म्हणायची. खोटं बोलायला गेले तर माझे कान लाल होतात, असंही म्हणायची. दोन्ही खरं आहे. मी सरळ विचारून टाकलं. बाईंनी मला चादरी मोजायला पाठवलं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. जिकडे तिकडे पाट्या नव्याने रंगवल्या होत्या. आमच्या दवाखान्यालाही मोठं नाव मिळालं, खाटा मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. त्यात दुष्काळ. नळाला पाणी आलं की दवाखान्यात सण असल्यासारखी धावपळ व्हायची. एरवी टँकरची वाट बघायची, आणि पेशंटचे नातेवाईक घरून कळशी घेऊन यायचे. कुणाच्या उशाशी किती पाणी आहे यावरून भांडणं लागायची. चाकूर, रेणापूर, निलंग्याकडून येणारे लोक आधी पाण्याचं विचारायचे, मग औषधाचं.

अशा दिवसांत दारू सुटलेला माणूस सांभाळायचा म्हणजे काय, ते मी जगदेवीबाईंकडून शिकले. माणूस दवाखान्यात येतो हाड मोडलं म्हणून, पोट दुखतं म्हणून. दारू घरी राहिलेली असते. एक दिवस बरा असतो, मग हात कापायला लागतात, अंगाला घाम सुटतो, नाडी पळायला लागते. कुणाला झटका येतो, कुणाला चादरीवर मुंग्या दिसतात. बाई अशा माणसाची खाट खिडकीजवळ घ्यायच्या, म्हणजे भिंतीवर सावल्या नाचत नाहीत. त्याच्याजवळ शक्यतो एकच नर्स ठेवायच्या, म्हणजे चेहरा बदलत नाही. नाडी, ताप, रक्तदाब पुन्हा पुन्हा बघायच्या. झोपेचं इंजेक्शन द्यायच्या आधी श्वास कसा चाललाय ते पाहायच्या, आणि ग्लुकोज लावायच्या आधी बी-वनचं इंजेक्शन गेलं की नाही ते मला दोनदा विचारायच्या. त्याच्या कापऱ्या हातात पेला कधी द्यायच्या नाहीत. दुष्काळात सांडलेलं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतं आणि लोक त्या माणसाला शिव्या घालतात, म्हणून त्या स्वतः वाटी-चमच्याने पाजायच्या. आणि कुणाला बांधू द्यायच्या नाहीत. वॉर्डबॉय बँडेजचा गुंडाळा घेऊन खाटेकडे निघाला की त्या नुसत्या मधे उभ्या राहायच्या.

मी मनात म्हणायचे, काय मायेची बाई आहे. माया होतीच. पण माया एवढी घाबरलेली नसते. त्यांच्या त्या सेवेत कसलंतरी देणं चुकतं करण्याची धडपड होती, आणि ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. आम्ही नर्स-क्वार्टर्सपुढे घागरी रांगेत लावून टँकरची वाट बघत बसलो होतो. टँकर आला, ड्रायव्हर खाली उतरला, आणि त्याला बघून बाईंचा चेहरा उतरला. त्या घागर न भरताच घरात गेल्या. मी दोघींच्या घागरी भरून मागोमाग गेले आणि दारातच बसले. त्या दिवशी त्यांनी मला चादरी मोजायला पाठवलं नाही.

त्यांना एक धाकटी बहीण होती, पार्वतम्मा, चाकूरला दिलेली. तिचा नवरा शरणप्पा दुष्काळात पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. माणूस कामाचा चांगला, बोलायला गोड, पण रोजचा पिणारा. आधी शिंदी, मग देशी. एकदा भरलेला टँकर झाडाखाली लावून तो झोपून गेला, आणि एक अख्खं गाव रिकाम्या घागरी घेऊन दिवसभर उन्हात बसलं. दुसऱ्या दिवशी त्या गावच्या बायका चाकूरला येऊन पार्वतम्माच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी फक्त आपल्या घागरी तिच्या ओट्यावर पालथ्या घातल्या आणि निघून गेल्या. पार्वतम्माने बहिणीला निरोप धाडला.

जगदेवीबाई बसवजयंतीला गेल्या. घरात त्या मोठ्या, शिकलेल्या, दवाखान्यातल्या. त्यांचा शब्द तिथे हुकुमासारखा. त्यांनी शरणप्पाला आंघोळ करायला लावली, विभूती लावायला लावली, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायला लावलं आणि त्याच्यावर उजवा हात ठेवून आण घ्यायला लावली, की आजपासून थेंब नाही. आमच्याकडे कुणी कुराणावर हात ठेवला तर जे होतं तेच त्यांच्याकडे लिंगावर हात ठेवल्यावर होतं. तिथून माघार नसते. शरणप्पाने रडत आण घेतली. मनापासून घेतली, असं बाई म्हणाल्या.

मग निघताना त्यांनी पार्वतम्माला बजावलं. आता हा थरथरेल, हातापाया पडेल, सोंगं करेल, दवाखान्यात न्या म्हणेल. कुठे न्यायचं नाही, चार लोकांत शोभा होते. खोलीत घाल, बाहेरून कडी लाव, आणि काही झालं तरी दार उघडू नको.

त्यांना असं का वाटलं, हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाही, खरं म्हणून सांगते. तेव्हा आमच्या वॉर्डात दारुड्याचं थरथरणं हे सोंगच समजलं जायचं. त्याला खाटेला बांधायचे, दोन शब्द सुनवायचे, उतरेल आपोआप म्हणायचे. कितीतरी जण उतरून बरे होऊन जायचे, म्हणून कुणी विचार केला नाही. जे गेले ते हाडाने गेले, तापाने गेले, असं सगळ्यांनी मानलं.

शरणप्पा पहिला दिवस शांत होता. दुसऱ्या दिवशी घामाने भिजला, उलट्या केल्या, दार वाजवलं. तिसऱ्या दिवशी ओरडायला लागला की खोलीत पाणी शिरलंय, गुडघ्याला लागलंय, दार उघड, पाणी चढून राहिलंय. बाहेर पार्वतम्मा कोरड्या रांजणाला टेकून बसली होती. गावात प्यायला पाणी नाही आणि आपला नवरा पाण्यात बुडतोय म्हणून ओरडतोय, हे ऐकून शेजारपाजारचे हसले. तीही मनात म्हणाली असेल, अक्का म्हणाली तसंच सोंग आहे हे. मग आवाज बंद झाला. कडी काढली तेव्हा तो झटक्याने आखडून पडलेला होता. जीव गेला होता.

लोक म्हणाले, लिंगाची आण मनातल्या मनात मोडली असेल, देवाने नेलं. जगदेवीबाईंनीही ते अर्धंमुर्धं खरं धरलं.

माती झाल्यावर काही दिवसांनी पार्वतम्माने बहिणीला माजघरात नेऊन सांगितलं की आण त्याने मोडली नाही, तिने मोडली. दुसऱ्या दिवशी त्याचं कळवळणं तिला बघवलं नाही. टँकरच्या किन्नराकडून, म्हणजे गाडीवरच्या मदतनिसाकडून, तिने बाटली मागवली आणि खिडकीच्या गजांतून त्याला थोडी पाजली. त्याचे हात थांबले. तो तिच्याकडे बघून हसला, झोपला. आणि दुसऱ्या दिवशी गेला. लिंगदेवाने तिच्यापायी त्याला नेलं, असं तिचं म्हणणं. जगदेवीबाई तिला म्हणाल्या, हे कुणाला बोलू नको. बस, एवढंच म्हणाल्या. म्हणजे तिने जे मनाशी ठरवलं होतं त्याच्यावर मोठ्या बहिणीने शिक्काच मारला.

त्या दिवसापासून पार्वतम्माने मीठ सोडलं. अळणी वरण, अळणी भाजी, तेही एक वेळ.

आणि मग आमच्याकडे निटुरे डॉक्टर बदलून आले. आल्या आल्या त्यांनी वॉर्डात बांधलेला एक माणूस बघितला, स्वतःच्या हाताने गाठी सोडल्या आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर शरीर पेटून उठतं, त्याला औषध लागतं, लक्ष लागतं, नाहीतर माणूस मरू शकतो, हे सोंग नाही, असं ते म्हणाले. ओरडले नाहीत, शिकवतात तसं सांगितलं. जगदेवीबाईंनी एकच विचारलं, "डॉक्टर, अशा माणसाला खोलीत पाणी भरल्यासारखं दिसतं का?" ते म्हणाले, काहीही दिसू शकतं. बाई कपड्यांच्या खोलीत गेल्या आणि घडी घातलेल्या चादरींवर जाऊन बसल्या. त्यांना शोधायला ड्युटीवरची आया गेली तर म्हणाल्या, डोकं दुखतंय.

म्हणजे त्यांना सगळं कळून वर्ष होत आलं होतं. शरणप्पाला मारलं ते त्यांच्या शपथेने आणि त्यांच्या कडीने. पार्वतम्माच्या घोटाने तर त्याला एक दिवस जगवलं होतं. हे सगळं माहीत असून त्या चाकूरला जाऊन बोलल्या नव्हत्या. चाकूर काय मुंबईला आहे? एसटी सकाळी निघते, जेवायच्या आत पोचते.

मी तसं म्हणाले. थोडं जोरातच म्हणाले. इथे परक्या माणसांना चमच्याने पाणी पाजता आणि तिकडे सख्खी बहीण तुमच्या गुन्ह्यापायी वाळून चाललीय, असं म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गौसिया, मला अक्का म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलंय."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस काय बोलतं? मी घागरी घरात नेऊन ठेवल्या. तेव्हाच त्यांनी मला हेही सांगितलं, की रोज पूजेला लिंग तळहातावर घेते, पण त्याच्याकडे काही मागता येत नाही. हात तोच आहे ना, म्हणाल्या.

त्यानंतर पंधरवडाही गेला नसेल, पार्वतम्मा चक्कर येऊन विहिरीच्या काठावर पडली. विहीर कोरडी होती, पण ती काठावर पडली, आत नाही, म्हणून वाचली. शेजाऱ्यांनी एसटीत बसवून तिला लातूरला आणलं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. जगदेवीबाईंचाच चेहरा, पण नुसती चामडी राहिलेला. निटुरे डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, रक्त नाही म्हणाले, खात का नाही विचारलं. ती म्हणाली, व्रत आहे. डॉक्टर जगदेवीबाईंना बाजूला घेऊन म्हणाले की तुमच्या बहिणीला जे कुणी समजावू शकेल त्याने आता समजवावं, हे असं चाललं तर पावसाळा बघणार नाही ती. बाईंनी मान हलवली.

त्या आठवड्यात खिडकीजवळच्या खाटेवर व्यंकटी नावाचा हमाल होता. आडत बाजारात पोत्यांची थप्पी अंगावर येऊन त्याची मांडी मोडली होती. दारू घरी राहिली होती, आणि आता हात कापायला लागले होते. दुपारची वेळ, वीज गेलेली, वॉर्डभर पुठ्ठ्यांनी वारा घालणं चाललेलं. व्यंकटी चादरीवरच्या मुंग्या वेचत होता आणि कुणाला तरी सांगत होता की पोत्यातून आल्यात. जगदेवीबाईंनी पार्वतम्माला हाताला धरून आणलं आणि त्याच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसवलं. मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी होते. मला जा म्हणाल्या नाहीत.

त्यांनी व्यंकटीला नावाने हाक मारली, तू दवाखान्यात आहेस म्हणून सांगितलं, नाडी बघितली, श्वास बघितला आणि मला खूण केली. मी इंजेक्शन दिलं. पार्वतम्मा त्याच्या हातांकडे बघत होती, नजर हटत नव्हती. हळूहळू ते हात चादरीवर स्थिर झाले. त्याने डोळे मिटले.

"असेच थांबले होते त्यांचे," पार्वतम्मा म्हणाली. "अशीच झोप लागली."

जगदेवीबाई तिच्यापुढे जमिनीवर बसल्या. इतक्या लोकांत, ड्युटीच्या पांढऱ्या साडीत, फरशीवर.

"पारू, हा आजार असतो," त्या म्हणाल्या. "एकदम तोडली की माणूस मरतो. मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नसताना आण मी घातली, कडी मी लावायला सांगितली, दवाखान्यात नेऊ नको मीच म्हणाले. तू दिलेल्या घोटानं नाही गेले ते. त्या घोटानं उलट तगले. देव कुठंच नव्हता त्यात. मी होते."

आणि आपल्याला हे कळून वर्ष झालं, हेही त्यांनी सांगितलं. ते सांगायची कुणी जबरदस्ती केली नव्हती. मी तर केली नसती.

मला वाटलं आता पार्वतम्मा रडेल, किंवा मोकळी होईल, छातीवरचा धोंडा उतरला असं काहीतरी दिसेल तोंडावर. आम्हा दोघींनाही तेच वाटत होतं, त्यासाठीच तर हे चाललं होतं. ती म्हणाली, "मंजी अजून थोडी दिली असती तर?"

जगदेवीबाई नर्स होत्या. पेशंटच्या नातेवाइकाला कधी काय सांगायचं नाही हे त्यांना चांगलं येत होतं. पण तिथे त्या नर्स नव्हत्या. "इथं आणेपर्यंत तग धरला असता," त्या म्हणाल्या. "इथं वाचले असते."

"बाटलीत होती की अजून," पार्वतम्मा म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पीठ डब्यात होतं म्हणावं तसा. "अर्धी होती. तू आण घातलीस म्हनून, तुझ्या भ्यानं, म्या ती उकिरड्यावर ओतली."

ती उठली आणि भिंतीला धरत व्हरांड्यात गेली. मी ट्रे ठेवून मागे गेले, पडली-बिडली तर म्हणून. व्हरांड्यात बाईंचा जेवणाचा डबा होता. एका पुडात बहिणीसाठी अळणी वरण, दुसऱ्यात त्यांचं स्वतःचं कालवण आणि शेंगदाण्याची चटणी. पार्वतम्माने अळणी पूड झाकण लावून बाजूला सारलं. बहिणीचं पुढे ओढलं, भाकरी मोडली आणि चटणीला लावून खायला लागली. पहिल्या घासाला तिचे डोळे भरून आले, वर्षभराने मीठ लागलं की येणारच. ती थांबली नाही. अख्खं पूड तिने संपवलं, बहिणीसाठी काही ठेवलं नाही. मग तांब्यातलं घोटभर पाणी पिऊन पिशवी उचलली.

मी म्हटलं, डॉक्टरांनी दोन दिवस राहायला सांगितलंय. ती म्हणाली, औषधं द्या, खाईन मी, आता खाईन. मी धावत जाऊन गोळ्या आणल्या, कशा घ्यायच्या ते सांगितलं. भेटून जा म्हटलं. तिने वॉर्डाच्या दाराकडे बघितलं, आत गेली नाही.

"बाईला सांगा, म्या जाते म्हनून."

बाई. दवाखान्यात जे कुणी यायचं ते त्यांना बाई म्हणायचं. आयाही म्हणायच्या, हमालही म्हणायचे, मीही म्हणायचे.

मी आत आले. जगदेवीबाई व्यंकटीच्या खाटेजवळ उभ्या होत्या, दोन बोटं त्याच्या मनगटावर आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"जेवली?" त्यांनी विचारलं.

"जेवल्या."

"मिठाचं?"

"हाव. चटणीसकट. औषधं पण नेली."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मग विचारलं, काही म्हणाली का.

"अक्काला सांगा, मी जाते, म्हणाल्या," मी म्हटलं.

जगदेवीबाईंनी पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढली आणि माझ्या कानांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग व्यंकटीचं मनगट पुन्हा नीट धरलं आणि चुकलेली नाडी पहिल्यापासून मोजायला लागल्या.